टाचेखालचं पाणी

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "जर्मनीतल्या तुमच्या कामाचे अनुभव लिहाल का?"

मी म्हटलं, "लिहितो की. पण मी गवत कापतो."

मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे, कृषी संशोधन वगैरे?"

नाही हो बाई. गवत म्हणजे गवतच. मशीन फिरवतो, पांढऱ्या रेषा मारतो, गोलाच्या जाळ्या फाटल्या तर शिवतो, कोपऱ्यातले झेंडे रोवतो आणि काढतो. डार्मश्टाटच्या कडेला विद्यार्थ्यांच्या एका जुन्या क्रीडामंडळाचं फुटबॉलचं मैदान आहे, तिथला मी प्लाट्सवार्ट, म्हणजे मैदान सांभाळणारा. या गावात आपली माणसं रॉकेट, औषधं, सॉफ्टवेअर असल्या कामांवर असतात. दसऱ्याला एकमेकांना सोनं देताना विचारपूस चालते, "तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" मी सांगतो, "मी सध्या डाव्या कॉर्नरवर आहे, तिथं शेवाळ धरलंय."

मी कोल्हापूरचा. वीसेक वर्षं शाळेत पी.टी.चा मास्तर होतो आणि तालमीच्या संघातून लेफ्ट बॅक खेळायचो. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. दोन पेठांची मॅच असली की लग्नाचे मुहूर्त पुढं ढकलतात. तर असा मी, बायकोला इथं नोकरी लागली म्हणून तिच्या पाठोपाठ आलो. मुग्धा सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, आणि माझ्या व्हिसावर माझा हुद्दा एकच, मुग्धाचा नवरा. पहिली तीन वर्षं मी पोळ्या लाटल्या. माझ्या पोळ्या तिच्यापेक्षा गोल येतात हे ती चारचौघांत कबूल करते. पण खरं सांगतो, त्या तीन वर्षांत मी फार खचलो होतो. शिट्टी वाजवली की दोनशे पोरं रांगेत उभी करणारा माणूस, तो दुपारी खिडकीत बसून शेजारणीच्या मांजराला हाका मारायला लागला. मग मैदानाचं काम मिळालं आणि माझ्या पायांत पुन्हा जीव आला.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, पुण्याचे. बँकेतून निवृत्त. सख्ख्या भावाला काउंटरच्या रांगेत सगळ्यांच्या मागं उभं केलेला माणूस, म्हणजे अंदाज घ्या. त्यांना कुणी विचारलं की जावई काय करतात, की म्हणायचे, "युनिव्हर्सिटीच्या भागात असतात." खोटं काही नाही. मैदान युनिव्हर्सिटीच्या भागातच आहे.

आता कामाबद्दल. गवत एकदम खाली कापायचं नसतं, उन्हात करपतं. रेषा मारायला आपल्याकडं फक्की असते, मुठीनं सोडत जायची. इथं चाकावरचं यंत्र असतं, पातळ रंग भरायचा आणि दोरीला धरून सरळ चालायचं. सरळ चालणं सोपं वाटतं. चालून बघा. गिऱ्हाईक म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेचं. एकदा आपलीच चार पोरं आली. "सर, मधोमध फक्त एक पट्टा रोलर फिरवून कडक करू या ना, क्रिकेटला. कुणाला कळणारपण नाही." फुटबॉलच्या मैदानाच्या बरोबर मध्ये, आणि कुणाला कळणार नाही! मी त्यांना मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या. तिसऱ्या चकरेला एकानं विचारलं, सर, आम्ही का पळतोय?

पण या कामातला हुकमाचा पत्ता एकच. पाऊस झाला की मैदान चालू ठेवायचं की बंद, हे प्लाट्सवार्ट ठरवतो. पद्धत साधी. टाच रोवायची आणि उचलायची. खड्ड्यात पाणी आलं तर मैदान बंद. फाटकावर पाटी लावायची, कुलूप घालायचं आणि दोन्ही संघांना फोन करायचा. सामना पुढची तारीख घेतो, दोष कुणाचाच नाही. माझ्या शब्दावर अध्यक्षसुद्धा बोलत नाहीत. कोल्हापुरात असं कुणी कुलूप घातलं असतं, तर पब्लिकनं कुलपासकट फाटक उचलून नेलं असतं.

आमच्या मैदानावर विद्यार्थ्यांचा एक संघ खेळायचा. लीग सगळ्यात खालची. तिच्याखाली फक्त जमीन. कॅप्टन योनास, पीएचडी करणारा, उंच आणि सरळ, वाक्यागणिक "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणणारा. गोलकीपर आपला नाशिकचा ओंकार. बाकी जगभरचे. एक पोरगा ब्राझीलचा होता आणि त्याला फुटबॉल येत नव्हता. समोरचे संघ त्याला बघून आधी घाबरायचे. पहिल्या पाच मिनिटांत त्यांची भीती जायची. आपली पोरं मला सर म्हणायची, म्हणून जर्मन पोरंही सर म्हणायला लागली. योनासला सहा महिने वाटत होतं की ते माझं आडनाव आहे.

विरुद्ध संघ आसपासच्या खेड्यांतले. खाटीक, पोस्टमन, अग्निशमनवाले. पोटं सुटलेली, पण लहानपणापासून एकत्र खेळलेली माणसं. आमची पोरं हुशार, आणि हुशार पोरांचं फुटबॉल बघण्यासारखं नसतं. पास देण्याआधी विचार करतात.

तर त्या सीझनची गोष्ट. लीगचा नियम असा की एखाद्या संघाची मैदानात किमान सात माणसं उभी राहिली नाहीत, तर तो संघ गैरहजर. तीनदा गैरहजर, की नाव कट. हरलात तर हरा, वीस गोल खा, पण या. आणि त्याच सुमारास मंडळाच्या अध्यक्षांनी मला कॉफी प्यायला बोलावलं. जर्मन माणसानं समोर केक ठेवला की समजायचं, बातमी वाईट आहे. ते म्हणाले, गवताचा खर्च परवडत नाही. लोकांना हल्ली पाडेल हवं असतं. पाडेल म्हणजे काचेच्या खोलीत खेळायचं टेनिसचं धाकटं भावंड. "संघ लीगमध्ये आहे तोवर गवत राहील," ते म्हणाले. "संघ गेला, की पाडेल."

काचेला गवत येत नाही, एवढं मलाही कळतं. माझी पन्नाशी उलटलेली. जर्मन भाषा बाजारहाट आणि शिव्या एवढ्यापुरती. मला दुसरं काम कोण देणार होतं? पुन्हा ती खिडकी आणि ते मांजर. मी घरी येऊन मुग्धाला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "अरे, सातच माणसं लागतात ना? सात तर कुणीही जमवेल."

पहिली गैरहजेरी गणपतीत झाली. ग्रुपवर सतरा जणांनी अंगठा दाखवला. योनास खूश. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण म्हटलं सतरातले आठ तरी येतील. आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हा आपला जुना रोग. "येतो सर, हंड्रेड पर्सेंट," असं जो म्हणतो तो आंघोळही करून बसलेला नसतो. रविवारी आले पाच. ओंकार आणि त्याचे चार मित्र तर तिकडं फ्रांकफुर्टला मंडळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवत होते. मी फोन केला तर मागं नुसता दणदणाट. "सर, इथून सुटलो की आलोच!" मिरवणूक कधी वेळेवर सुटलीय का? त्यानं व्हिडिओ पाठवला. नाद खुळा वाजवत होती पोरं. मी शिव्या देत देत तो तीनदा बघितला.

दुसरी गैरहजेरी रेल्वेनं केली. बाहेरगावी सामना, तेरा जण वेळेच्या आधी स्टेशनवर हजर, माझा ऊर भरून आलेला. रिजनल ट्रेन रद्द. पुढची उशिरा. तिच्यात बसलो तर ती मधल्याच एका स्टेशनात थांबून राहिली. पंच ठरल्या वेळेइतका थांबला आणि निघून गेला. योनास डबडबल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, हे जर्मनीत व्हायला नको होतं." मी त्याची पाठ थोपटली. माझ्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच मी एका जर्मन माणसाचं गाडीवरून सांत्वन करत होतो.

त्यानंतर मी अंगठ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं. "बघतो" म्हणणारा गेला असं समजायचं. "येतो" म्हणणाऱ्याला शनिवारी पुन्हा विचारायचं. "सर, बूट ओले आहेत, हेअर ड्रायर आहे का?" असं जो विचारतो, तो मात्र नक्की येतो. आणि रविवारी सकाळी मी स्वतः वसतिगृहात जायचो. पहिल्या वेळी कॉरिडॉरमध्ये उभा राहून पी.टी.ची शिट्टी वाजवली. जर्मनीत, रविवारी, सकाळी! इथं रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाहीत लोक. सगळी दारं उघडली. एक बाई टॉवेल गुंडाळून आली आणि मला विचारू लागली, आग कुठं लागलीय. हाऊसमास्टरनं लेखी ताकीद दिली. पण त्या दिवशी नऊ जण खेळले.

अशी कुठं आठ, कुठं नऊ माणसं जमवत आम्ही सीझन ओढत आणला. एक सामना जिंकलोसुद्धा. समोरच्या संघाच्या बॅकनं आपल्याच गोलात बॉल मारला, पण विजय तो विजय. उरला शेवटचा एक सामना, आमच्याच मैदानावर. तो खेळला की पुढचं वर्षभर गवत पक्कं.

आणि तेव्हाच नाना आमच्याकडं राहायला आले. मुग्धानं त्यांना पाडेलचं सगळं सांगितलं असावं, कारण जेवताना ते एकदम म्हणाले, "दिलीपराव, ते सात माणसांचं काय झालं?" नानांनी माझ्या कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न.

शेवटचा सामना नेमका जोडून आलेल्या सुट्टीच्या रविवारी. पोरं बस करून पॅरिस-ॲमस्टरडॅमला गेलेली. ओंकार म्हणाला होता, "सर, आईशप्पथ, रविवारी सकाळी पोचतो." शपथ खरीच होती बिचाऱ्याची. पण सकाळी सातला त्याचा मेसेज आला. बस बंद पडून बेल्जियममध्ये उभी. सोबत सहा जणांचा फोटो, सगळे हात जोडून.

मी मैदानावर गेलो. नाना म्हणाले, मीही येतो. शनिवारी पाऊस झाला होता, सकाळीही भुरभुर चालू होती. योनासचा फोन आला, "आम्ही सहा जण आहोत, सर." सहा. मी फोन ठेवला आणि नानांना सांगितलं.

नानांनी माकडटोपी सारखी केली. "दिलीपराव, पाऊस पडलाय ना? मग कुलूप लावा की. तुमच्याच हातात आहे म्हणता."

माझ्या मनात ते आधीच आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी मधल्या वर्तुळात गेलो, टाच रोवली, उचलली. कोरडं. डाव्या कॉर्नरला गेलो, तिथं शेवाळ आहे, तिथं तरी? कोरडं. वर्षभर मीच मातीत सुयांनी भोकं पाडून, त्यांत वाळू टाकून पाण्याला वाट करून दिलेली. एवढं चांगलं काम कशाला केलं म्हणून मी स्वतःला दोन शिव्या घातल्या. पेनल्टीच्या ठिपक्याजवळ जीव खाऊन टाच दाबली. खड्डा झाला, पण पाण्याचा थेंब नाही.

तेवढ्यात मागं फस्स करून आवाज आला. वळून बघतो तर नाना! अंगात रेनकोट, डोक्याला माकडटोपी, हातात माझा बागेचा पाइप, आणि गोलासमोर हे कारंजं.

"नाना! काय करताय?"

"काही नाही, जरा गवताला पाणी घालतोय."

"पाऊस पडतोय हो!"

"कमी पडतोय," नाना म्हणाले. "दिलीपराव, तुम्ही तिकडे टाच लावलीत ना? आता इथे लावा. टाच कुठे लावायची हे नियमात लिहिलंय का?"

मी हसावं का रडावं. मी पाइप धरला, ते सोडेनात. आम्ही सासरा-जावई गोलासमोर पाइप ओढत उभे, दोघंही भिजलेले.

"नाना, असं नको," मी म्हटलं. "या पाटीवर लोक विश्वास ठेवतात म्हणून ती पाटी आहे. एकदा कोरड्यात लावली, की उद्या खरं पाणी साचलं तरी कुणी मानणार नाही. आणि मी तरी कुठल्या तोंडानं टाच लावू?"

नानांचा हात ढिला पडला. पाणी त्यांच्या बुटांवर वाहत होतं. ते खाली बघत म्हणाले, "मी बँकेत कुणासाठी एक सही इकडची तिकडे केली नाही. भावासाठीसुद्धा नाही. पण मुग्धा सांगत होती, तुम्ही घरी बसला होतात तेव्हा कसे झाला होतात. ते मला पुन्हा बघवणार नाही, दिलीपराव." मग स्वतःच जाऊन त्यांनी नळ बंद केला आणि परत येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मग माणसं आणा. सातवा माणूस आणा."

पुण्याच्या माणसानं माझ्यासाठी लबाडी करायला पाइप हातात घेतला होता.

दहाला योनास आला, मागोमाग बाकीचे पाच. त्यात ब्राझीलवाला होता. योनासनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि माझ्याकडं बघत राहिला. सीझनच्या सुरुवातीला खेळाडूंची नावं नोंदवताना त्यानं माझंही नाव घातलं होतं. संघ मोठा दिसावा म्हणून.

"सर," तो म्हणाला, "गुडघा कसा आहे?"

"वाईट आहे," मी म्हटलं. "जर्सी आण."

जर्सी पोटावर थांबली. मुग्धा चहाचा थर्मास घेऊन आली होती. इतरवेळी ती मला अरे-तुरे करते, पण नानांसमोर रीतसर अहो. "अहो, तुम्ही खेळणार? अहो! अरे वेडा आहेस का तू?" अशी एका दमात तिन्ही पायऱ्या उतरली. समोरचा संघ पाच गाड्या भरून आला होता, सोबत काका, मामा, बायका, सॉसेज भाजायची शेगडी. ते अकरा, आम्ही सात. गोलकीपर नव्हता, म्हणून ब्राझीलवाल्याला गोलात उभं केलं.

पंचानं आम्हाला मोजलं. त्यानं घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

झालं! सामना सुरू झाला, म्हणजे आम्ही हजर. आता कुणाचा बापही नाव कट करू शकत नव्हता. योनासनं माझ्या गळ्यात उडी घेतली. बाकीचे धावत आले. गोलातून ब्राझीलवाला हात पसरून धावत आला. मधल्या वर्तुळाशेजारी आम्ही सातजण एकमेकांना मिठ्या मारून नाचत होतो, मी "चांगभलं!" म्हणून ओरडत होतो. समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, हा गावचा खाटीक, बॉल पायात घेऊन उभा. त्यानं पंचाकडं बघितलं. पंचानं खांदे उडवले. मग तो चालत चालत आमच्या रिकाम्या गोलापर्यंत गेला आणि हलकेच बॉल आत ढकलला. त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं, सॉरी म्हणाला.

पुढचं काय सांगू? बारा-शून्य. कडेला झेंडा घेऊन बॉल बाहेर गेल्याची खूण करायला आमच्याकडून कुणी नव्हतं, ते काम नानांनी घेतलं. आता खरे नाना परतले होते. प्रत्येक थ्रो समोरच्यांना! एकदा बॉल नक्की आमचा होता, मी ओरडलो, "नाना, त्याच्या पायाला लागलाय!" तर नाना तिथून, "दिलीपराव, तुमच्या नडगीला लागलाय, मी बघितलंय. हुज्जत घालू नका." त्यांनी फोन लावून पुण्यातल्या मित्राला मैदान दाखवणंही चालू ठेवलं होतं. मी लेफ्ट बॅकला धापा टाकत होतो आणि कानावर येत होतं, "अहो जोशी, ते पोट दिसतंय ना, ते आमचे जावई. हे सगळं गवत त्यांच्याच हातचं. रेषा बघा, रेषा! एक तरी वाकडी आहे का?"

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी मैदानावर आडवा होतो. आम्ही पुन्हा नाचलो. मी पडल्या पडल्या नाचलो. खाटीक हात मिळवायला आला आणि योनासला विचारू लागला, "बारा गोल खाल्ले, आणि तुम्ही आनंद कसला करताय?"

योनास म्हणाला, "आम्ही आलो होतो ना."

एवढंच. पहिल्यांदाच एक जर्मन वाक्य मला भाषांतर न करता समजलं. या देशात आल्यापासून मी दुसरं काय करत होतो?

पोरं आंघोळीला गेली, पाहुणे गेले. मला मात्र जाता येत नव्हतं. सामना संपला की प्लाट्सवार्टचं काम सुरू होतं. त्याच जर्सीत, लंगडत, उखडलेली ढेकळं पायानं दाबत मी चाललो होतो. नानांनी चारही कोपऱ्यांचे झेंडे काढून काखेत मारले होते आणि ते माझ्या बरोबरीनं चालत होते. गोलापाशी आल्यावर ते थांबले.

"दिलीपराव, या खेळाला वयाची वरची अट असते का?"

"नसते, नाना."

"नोंदणीला काय लागतं?"

"फोटो. आणि सही."

त्यांनी झेंडे गोलाच्या खांबाला टेकवले. रेनकोटच्या आतून पाकीट काढलं, पाकिटातून व्हिसासाठी काढलेल्या फोटोंमधला एक काढला आणि माझ्या मातीच्या हातावर ठेवला.

"सातवा कमी पडला तर मी आहे," ते म्हणाले. "नुसतं उभंच राहायचंय ना? राहीन."